लेबलं पुरात गेली आणि त्र्याण्णव शंख उरले

ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्रीचा पूर बडोद्यात कुणाला वेगळा सांगायला नको. तिथल्या समा भागात माझ्या मामीचं घर तळमजल्यावर, तिथे पाणी कमरेपर्यंत चढलं होतं, आणि ओसरल्यावर आम्ही सगळे फावडी घेऊन चिखल उपसत होतो तेव्हा पलंगाखालून तीन डबे निघाले. दोन फरसाणाचे पत्र्याचे, आणि तिसरं मिठाईचं खोकं, जे आता खोकं राहिलंच नव्हतं, नुसता लगदा. आत मामांचे कच्छचे शंख. मामा शाळेत सायन्स शिकवायचे, सुट्ट्यांमध्ये मित्रांना घेऊन कच्छात फिरायचे आणि नाल्यांच्या काठावरून जीवाश्म शंख वेचून आणायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मामी म्हणाली, "अगं, हे दगड आता टाकून देऊ का?" मी म्हटलं, "मामी, टाकू नका, मी बघते."

मी बघते म्हटलं खरं, पण बघायला काय उरलं होतं ते घरी आल्यावर कळलं. प्रत्येक शंख कागदाच्या पुडीत होता आणि पुडीवर मामांनी फाउंटन पेनाने निळ्या शाईत गाव, नाला, खडकाचा रंग आणि नावाचा अंदाज लिहिलेला असायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती सगळी शाई गेली. त्र्याण्णव नग होते, बहुतेक पुड्यांवर नुसता निळा डाग, आणि वाचता येतील असे शब्द मोजून दोन: एका कागदावर "नदी" आणि दुसऱ्यावर "टरि". बस.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, जीवाश्माचं गाव हरवलं की त्याची अर्धी किंमत जाते. कुठल्या थरातला, कुठल्या काळातला, शेजारी काय सापडलं, हे सगळं त्या चिठ्ठीवर असतं. उरलेलं अर्धं शंखाच्या अंगावर असतं आणि तेवढंच माझ्या हातात होतं. मी एमएस्सी जिओलॉजी केलंय पण नोकरी बँकेत करते, म्हणजे शिकलेलं सगळं पंधरा वर्षं लॉकरमध्ये. पुढे जे केलं ते बऱ्याच चुका करत केलंय, आणि त्या चुकांसकट लिहितेय कारण माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

पहिली चूक पहिल्याच रविवारी. शंखांवर पुराचा चिकट काळा गाळ होता, ब्रशने निघेना, म्हणून मी पाच-सहा नग स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये टाकले. बुडबुडे आले. मला वाटलं घाण निघतेय. अगं बाई, शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते बुडबुडे शंखाचेच होते! दहा मिनिटांनी बाहेर काढले तेव्हा तीन नग असे गुळगुळीत झाले होते की चोखलेली लिमलेटची गोळी. त्यांच्यावरची नक्षी कायमची गेली आणि ते तीन आजही "ओळखता येत नाही" या कप्प्यात आहेत. त्यानंतर फक्त साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी. गाळ निघायला तीन आठवडे लागले, लागू देत.

मग वर्गीकरण. अंड्यांचे तीस खळग्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, एका खळग्यात एक नग, प्रत्येकाला तात्पुरता नंबर. त्र्याण्णवपैकी एकसष्ट नग लांबुळके, निमुळते, स्क्रूसारखे, आणि बत्तीस इतर. "टरि" म्हणजे टरिटेला, हा लांबुळका समुद्री शंख, असणार हे उघड होतं, कच्छच्या मायोसीन काळाच्या, म्हणजे साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीच्या, थरांत टरिटेला ढिगाने सापडतात, तेव्हा मी त्या एकसष्टांना सरसकट टरिटेला धरलं आणि आकारावरून तीन ढीग केले. मोठे जाड चौदा, मधले एकोणतीस, बारीक अठरा. तीन ढीग म्हणजे तीन जाती, असं वहीत लिहूनसुद्धा टाकलं. दिसायलाही वेगळे होते हो, मोठ्यांवर बारीक बारीक रेषा, मधल्यांवर एक ठसठशीत धार, आणि बारक्यांवर दोन सारख्या दोऱ्या, म्हणजे दोरीसारखे आडवे उंचवटे. मी खूश.

युनिव्हर्सिटीतल्या ओळखीच्या एका सरांना फोटो पाठवले, पंचवीस एक तरी असतील. त्यांचं उत्तर रात्री आलं, चार ओळींचं. पहिलं, तोंड कुठाय, एकाही नगाचं तोंड शाबूत दिसत नाहीये. दुसरं, वाढरेषा बघितल्यास का. तिसरं, मोठ्याची आणि लहानाची नक्षी कम्पेअर करतेस ती कुठल्या वेढ्यावर, म्हणजे शंखाच्या कुठल्या वळणावर. चौथं, रंगावर आणि लांबीवर जाऊ नकोस, रंग मातीने दिलेला असतो आणि लांबी वयाने.

तिसऱ्या प्रश्नाने माझी झोप उडवली. शंख हा असा प्राणी आहे की तो आपलं बालपण अंगावर घेऊन फिरतो. टोकाचे वेढे बाळपणीचे, तोंडाजवळचे म्हातारपणीचे, आणि मधलं सगळं आयुष्य क्रमाने. म्हणजे मोठ्या शंखाच्या शेवटच्या वेढ्याची नक्षी छोट्या शंखाच्या शेवटच्या वेढ्याशी ताडून बघणं म्हणजे आजोबांचा चेहरा नातवाशी ताडून "हे वेगळ्या घरातले" म्हणण्यासारखं. ताडायचं तर सारख्या वयाचा वेढा हवा. पण माझ्याकडच्या जवळजवळ सगळ्या नगांची टोकं मोडलेली, म्हणजे टोकापासून वेढे मोजणं शक्य नाही. यावर उपाय साधा आहे पण मला सुचला नव्हता: वेढ्याचा व्यास धरायचा. ज्या वेढ्याचा व्यास सहा मिलीमीटर आहे तो दुसऱ्या शंखाच्या सहा मिलीमीटरच्याच वेढ्याशेजारी ठेवायचा. मामांचा जुना व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, पुरातून वाचला होता, गंजलेला पण सरकत होता.

सगळ्यात लांब नग चौऱ्याहत्तर मिलीमीटरचा होता, अकरा वेढे शिल्लक. तोच फूटपट्टी म्हणून घेतला. आणि इथे नवसागर आला.

जीवाश्मांचे फोटो काढणारे लोक त्यावर अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर धरतात, म्हणजे डाग-बिग झाकले जातात, रंगाची भानगड मिटते आणि नुसता उठाव दिसतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला भांड्यात टाकतो आणि ज्याचा तो पांढरा धूर उठतो तोच. काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर तापवायचा, धूर निघाला की शंख त्यापुढे धरायचा. घरात अजिबात करू नका, धूर घशाला लागतो. मी अगाशीवर केलं (आम्ही बडोदेकर गच्चीला अगाशीच म्हणतो), मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून, उत्तरायणच्या आदल्या आठवड्यात, आणि शेजारच्या अगाशीवरून पतंगवाली पोरं विचारत होती की मावशी काय जाळताय. काम झालं की लगेच पाण्याने धुवायचं कारण नवसागर दमट हवेत पाणी ओढतो आणि मग शंखालाच खातो. एका बाजूने, अगदी तिरका, मोबाइलचा टॉर्च.

त्या उजेडात तो लांब शंख बघितला आणि वहीतलं तीन जातींचं पान फाडलं. चार मिलीमीटर व्यासाच्या वेढ्यावर दोन सारख्या दोऱ्या, डिट्टो माझ्या बारीक ढिगासारख्या. पुढे येत येत नऊ मिलीमीटरच्या आसपास खालची दोरी उचलली जाते, वरची बसते, आणि वेढ्याला ती ठसठशीत धार येते, म्हणजे माझा मधला ढीग. आणखी पुढे सोळा मिलीमीटरला धार बोथट होऊन तिच्या वर-खाली बारीक धागे भरतात, म्हणजे मोठा ढीग. तिन्ही "जाती" एकाच शंखावर, एकाखाली एक. मग प्रत्येक नग त्याच्या व्यासाच्या जागी त्या लांब्या शंखाला लावून बघितला, ग्राफ पेपरची पट्टी करून, आणि एकसष्टपैकी चव्वेचाळीस जुळले. चव्वेचाळीस! एकच जात, तीन वयं.

टरिटेलामध्ये या दोऱ्यांचं प्रकरण मुळातच महत्त्वाचं आहे. न्यूझीलंडच्या मारविक या शास्त्रज्ञाने १९५७ साली या कुळाची मांडणी नव्याने केली तेव्हा वेढ्यावरच्या मुख्य दोऱ्यांना वरून खाली ए, बी, सी अशी नावं वापरली आणि कुठली दोरी आधी उगवते, कुठली मागून, या क्रमावर भर दिला. कारण मोठेपणी दोन वेगळ्या टरिटेला अगदी सारख्या दिसू शकतात पण बाळपणी दोऱ्या उगवण्याचा क्रम वेगळा असतो. यासाठी टोकाचे वेढे लागतात, आणि माझ्याकडे ते फक्त सहा नगांवर होते. त्या सहांवर मात्र भिंगातून तासन् तास घालवले. पाच जणांवर दोन दोऱ्या आधी, तिसरी बऱ्याच उशिरा आणि बारीक. सहाव्यावर तीन दोऱ्या पहिल्यापासून सारख्या, आणि त्याचे वेढेही चपटे, शिवण (दोन वेढे जुळतात ती रेघ) जेमतेम दिसणारी. तो सहावा उचलला आणि त्याच्यासारखे उरलेल्यांत शोधले तर आणखी सहा निघाले. म्हणजे दुसरी टरिटेला, सात नग. मी आकारावर जे वेगळं केलं होतं ते एक होतं आणि जे एकत्र टाकलं होतं त्यात वेगळे होते. दोन्हीकडून उलटं!

आता तोंडाचा प्रश्न. तोंड म्हणजे शंखाचं उघडं भोक, ज्यातून प्राणी बाहेर येतो. गोलमटोल नॅटिका किंवा लांबुळक्या टरिटेलाचं तोंड गोलसर, अखंड. सेरिथियमच्या तोंडाला खालच्या टोकाशी छोटी नळी असते, टेरेब्राला खाच. टरिटेला, सेरिथियम, टेरेब्रा तिन्ही लांबुळके, तिन्ही स्क्रूसारखे, आणि तोंड मोडलं की तिन्ही सारखेच दिसतात, नवख्याला तर नक्कीच. पण इथे सरांचा दुसरा प्रश्न कामी आला. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेला नवीन नवीन चुना लावत, म्हणजे कड ज्या आकाराची तसलीच बारीक रेघ मागे राहते, आणि अशा शेकडो रेघा अंगभर. तोंड मोडलं तरी तोंडाचा आकार रेघांत शिल्लक असतो. टरिटेलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध आत गेलेलं वळण असतं, म्हणून तिच्या वाढरेषा वेढ्याच्या मध्यावर मागे झुकतात, ताणलेल्या धनुष्यासारख्या. हे एकदा डोळ्यात बसलं की मग विसरत नाही.

त्या कसोटीने लांबुळक्यांतले सात जण पडले. पाचांवर वाढरेषा जवळजवळ सरळ, आणि उभ्या बरगड्या आडव्या दोऱ्यांना छेदतात तिथे मण्यांसारखे उंचवटे. ते सेरिथियमच्या गोतावळ्यातले. दोघांवर प्रत्येक वेढ्याच्या वरच्या शिवणीखाली एक कोरीव खाचरेघ, जणू साडीच्या काठाची पट्टी वेगळी काढलीय, आणि शंखाच्या आतला मधला दांडा खाली पिळलेला. टेरेब्रा. ही खाचरेघ मी आधी टरिटेलाच्या दोन दोऱ्यांमधली जागा समजले होते. व्हिनेगरचे तीन सोडले तर चव्वेचाळीस, सात, पाच, दोन, झाला एकसष्टांचा हिशोब.

लांबुळकं दिसलं की टरिटेला म्हणायची ही खोड फक्त माझी नाही याचा मला नंतर फार दिलासा मिळाला. बाजारात, विशेषतः त्या राशीच्या खड्यांच्या आणि हीलिंग स्टोनच्या दुकानांत "टरिटेला अगेट" नावाचा तपकिरी दगड मिळतो, आत लांबुळके शंख दिसतात. तो अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर फॉर्मेशन या खडकांच्या थरांमधला, मायोसीनच्याही आधीच्या इओसीन काळातला, आणि त्यातला शंख टरिटेला नाहीच, समुद्राचासुद्धा नाही, इलिमिया टेनेरा नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे. चुकीचं नाव इतकं रुळलं की आता कुणी बदलत नाही. सगळ्या दुनियेने केलेली चूक, आणि मी तर एका रविवारी केली.

नावाचं म्हणाल तर त्या चव्वेचाळीसांना मी काय नाव दिलं? कच्छचे हे शंख विलायतेत पोचवले ते कॅप्टन ग्रँटने. त्याने कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला, जीवाश्म गोळा केले, आणि १८४० साली सॉवर्बी या इंग्रज निसर्गअभ्यासकाने त्यांची वर्णनं छापली. त्यात टरिटेला अँग्युलाटा आहे, अँग्युलाटा म्हणजे कोनदार. माझे चव्वेचाळीस धारवाले त्याच्या जवळ जातात असं मला वाटतं, सरांनाही वाटतं, पण मूळ नमुना शेजारी ठेवून कुणी बघितलेलं नाही आणि गाव माहीत नाही. म्हणून लेबलवर "टरिटेला सीएफ. अँग्युलाटा" असं आहे. ते "सीएफ." म्हणजे ताडून बघा, माझी खात्री नाही. दुसऱ्या सातांना नुसतं "टरिटेला, जात अनिश्चित". मामेभाऊ म्हणाला, "एवढे चार महिने घालवून अनिश्चितच?" म्हटलं हो, चार महिन्यांपूर्वी चुकीचं निश्चित होतं.

भोकांची गोष्ट मामीमुळे. ट्रे बघायला आली आणि म्हणाली, "हे कुणी ओवायला भोकं पाडलीत का गं? गजरा करायचा होता की काय मामांना?" चव्वेचाळीसपैकी अकरांवर नीट गोल भोक होतं, तीनेक मिलीमीटरचं. मी आधी ते ओरखडे-फुटी समजून सोडून दिले होते. जवळून बघितलं तर भोकाची कड उतरती, बाहेर रुंद आणि आत अरुंद, सुतार स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून लाकडाला जशी वाटी करतो तशी. अशी वाटीदार भोकं नॅटिकाच्या कुळातल्या शिकारी शंखांची. ते दुसऱ्या शंखाला धरतात, जिभेने आणि आम्लाने भोक पाडतात आणि आतला जीव खातात. म्युरेक्स या दुसऱ्या शिकारी शंखाच्या कुळातले पाडतात ती भोकं बहुधा सरळ भिंतीची, पाइपसारखी. एका नगावर भोक अर्धवट राहिलेलं होतं आणि त्याच्या तळाशी मधोमध छोटा उंचवटा, पुरणपोळीला फुगा यावा तसा, आणि तीही नॅटिकाचीच खूण. म्हणजे तो टरिटेला त्या दिवशी सुटला होता! आणि मजा म्हणजे शिकारी त्याच डब्यात निघाले, इतर बत्तीसांत नऊ गोल गरगरीत नॅटिका, मोदकासारख्या. त्यांच्यात मी फक्त नाभीवरून फरक केला, तोंडाशेजारी नाभीचं भोक उघडं आहे की चुन्याच्या जाड थराने झाकलंय यावर, सहा उघडे, तीन झाकलेले. त्यापुढे जाण्याइतकी माझी हिंमत नाही.

बाकीचे भराभर सांगते. चार कोनस, आइस्क्रीमच्या कोनसारखे, यात ओळखायला अडचण नाही. तीन आर्किटेक्टोनिका, चपटी चकली, आणि उलटं केलं की नाभी इतकी रुंद की आत गोल जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात, पायऱ्यांच्या कडेला मणी. यातल्या एकाचं बाळटोक शाबूत होतं, आणि या शंखांत बाळपणीचा वेढा मोठेपणीच्या वळणाच्या उलटा असतो, ते मी भिंगात अर्धा तास बघत बसले. आवडतात मला हे, कारण नसताना. आठ नग नुसते साचे, म्हणजे शंख विरघळून गेला आणि आत भरलेला गाळ दगड होऊन उरला. वेढ्यांमधे मोठाल्या फटी, नक्षी शून्य. साच्याला जातीचं नाव द्यायचं नसतं, फार तर कुळापर्यंत जायचं, तेही दबकत. सात तुकडे असे की ते शंखाचे आहेत एवढंच.

पण त्या आठ साच्यांपैकी तिघांनी मदत केली. त्यांच्या मातीत नाण्यासारख्या चपट्या, तीन-चार मिलीमीटरच्या चकत्या चिकटलेल्या होत्या. नुम्युलाइट. एकपेशी जीवांची घरं ती, आणि कच्छात ती मायोसीनच्या आधीच्या इओसीन-ओलिगोसीनच्या थरांत असतात, मायोसीनमध्ये नाही. म्हणजे हे तीन साचे बाकीच्या टरिटेलांपेक्षा जुने, वेगळ्या थरातले, आणि मामांनी ते वेगळ्या ठिकाणाहून उचलले असणार. धारवाल्या टरिटेलांच्या पोटात मात्र पिवळट-तपकिरी बारीक गाळ, एकाही नगात नुम्युलाइट नाही. ते कच्छातल्या खारी नदी किंवा छसरा नावाच्या मायोसीन थरांतले असावेत, म्हणजे साधारण २ कोटी ३० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आणि आठवतंय ना, वाचता येणारा एक शब्द "नदी" होता. ती खारी नदीच होती असं मला मनापासून वाटतं, पण लेबलवर लिहिलेलं नाही, कच्छात नद्या काय एकच आहे का. टरिटेला अर्धी चिखलात रुतून पाण्यातले कण गाळून खाते, जागा आवडली की हजारोंनी राहते, त्यामुळे एका थरात त्यांचा सडा असतो. एका डब्यात चव्वेचाळीस येणं म्हणजे मामा अशाच एका सड्यावर बसून वेचत होते एवढं म्हणता येतं.

आता शेवटचा नग, नंबर त्र्याण्णव, ज्याने सगळ्यात जास्त हसवलं. सुपारीएवढा, आखूड शिखर, शेवटचा वेढा भला मोठा. शिखर वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं. याचं डावीकडे. मी फोटो सरांना पाठवला तर ते म्हणाले, "सेल्फी कॅमेऱ्याने काढलास का? उलटा झालाय." नाही हो, खरंच डावा होता. इथे एक घोळ सांगून ठेवते. देवघरातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख आपण नळीचं टोक वर करून बघतो, म्हणून त्याचं तोंड उजवीकडे. शास्त्रवाले शिखर वर करून बघतात, म्हणजे त्यांच्या हिशोबाने तोच शंख डावा. मामीने हा नग हातात घेऊन आधी नमस्कारच केला.

पण हा देवघरातला नव्हता. खडक कच्छचा नाही, करड्या रंगाचा चर्ट, म्हणजे गारेसारखा कठीण दगड, ज्यावर चाकू चालत नाही आणि व्हिनेगरचा थेंब टाकला (खडकाच्या कोपऱ्यावर, शंखावर नाही, शहाणी झाले होते) तर फेस नाही. डाव्या वळणाचा, पातळ, समुद्री शंखांसारखा काहीच साज नाही. फायसा, बहुधा फायसा प्रिन्सेपी, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्यांतली गोड्या पाण्यातली गोगलगाय. समुद्राशी संबंधच नाही. मी मामीला विचारलं, मामा कधी विदर्भात दगड वेचायला गेले होते का. मामी माहेरची नागपूरची. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी गेलो तर हे पहाटेच गायब. दुपारी आले, बुटाला चिखल, म्हणे टाकळीला गेलो होतो. माझे बाबा किती चिडले होते, जावई पहिल्या दिवाळीला जेवायला नाही!" नागपूरची टाकळी म्हणजे या इंटरट्रॅपियन (लाव्हाच्या थरांमधल्या) जीवाश्मांची जुनी नावाजलेली जागा. त्र्याण्णवांपैकी एकाच नगाचं गाव परत मिळालं, तेही शंखावरून नाही, सासऱ्यांच्या रागावरून. लेबलवर लिहिलंय: "बहुधा टाकळी, नागपूर, मामींच्या आठवणीनुसार." वर्षही लिहिलंय, लग्नाची पत्रिका सापडली.

नवीन लेबलं सगळी पेन्सिलीने, जाड कार्डावर, पेन्सिल पाण्यात विरघळत नाही. शिवाय प्रत्येक नगाच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या नेलपेंटचा बारीक ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर, वरून पारदर्शक नेलपेंट, म्हणजे कार्ड हरवलं तरी वहीशी जोडता येईल. नक्षीवर ठिपका लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको, तरी मी पहिल्या दोघांवर लावलाच. वहीच्या दोन प्रती, एक माझ्याकडे बडोद्याच्या वाडी भागात दुसऱ्या मजल्यावर, एक मामेभावाकडे.

नंबर अठ्ठावन्न अजून मला त्रास देतोय. मी त्याला सेरिथियमच्या पाचांत टाकलंय कारण मणी आहेत, पण खालच्या दोन वेढ्यांवर वाढरेषा मागे झुकल्यासारखी वाटते, नवसागर धरला की वाटते आणि धुतला की वाटत नाही. सर म्हणतात झीज आहे. असेल. मी त्याला ट्रेमध्ये वेगळ्या खळग्यात ठेवलाय, आणि मामीने फरसाणाचे दोन्ही पत्र्याचे डबे घासून परत नेले, म्हणाली शेव ठेवायला लागतात.